‘तू फक्त बस’ म्हणतात, मग खेळू कसा?

प्रिय काकू,

मी नववीत आहे. गाव सांगत नाही, सातारा जिल्ह्यातलं आहे एवढंच. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत क्रीडा सप्ताह असतो. चार हाऊस आहेत. आमच्या हाऊसमध्ये मोठी मुलं कमी म्हणून सरांनी खो-खोच्या संघात माझं नाव घातलंय. मोजून नऊच जण होतायत, त्यामुळे राखीव बसायचीही सोय नाही. मला खेळता येत नाही. म्हणजे खरंच येत नाही. जरा पळालो की दम लागतो आणि चष्मा नाकावरून घसरतो. गेल्या वर्षी रिलेमध्ये माझ्या हातून बॅटन पडली, ती उचलायला वाकलो तर माझ्याच पायाने लांब उडाली. अजून पोरं मला ‘बॅटन’ म्हणतात. मैदानावर गडी वाटून घेताना मी कायम शेवटी उरतो. आमचा कॅप्टन परवा म्हणाला, ‘तू फक्त बस, बाकी काही करू नकोस.’ आई म्हणते डॉक्टरांची चिठ्ठी आणू. बाबा म्हणतात, मुलासारखा मुलगा आणि पळायला घाबरतोस? रात्री झोपताना हेच डोक्यात असतं. काय करू?

— एक विद्यार्थी

अरे बाळा,

तुझं पत्र वाचून मी तुझ्या सरांना मनातल्या मनात धन्यवाद दिले. रागावू नकोस. त्यांनी तुला ज्या खेळात ढकललंय, त्यात आक्रमणाच्या वेळी नवांपैकी आठ जण बसलेले असतात. पुन्हा रिलेत घातलं असतं तर तुला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं. तिथे पळायचं म्हणजे पळायचंच. खो-खोबद्दल मात्र बरंच आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा हाऊसच्या सामन्यांना मला गुणलेखकाच्या टेबलावर बसवायचे, कारण माझं अक्षर बरं आणि उन्हात बसले तरी मी कुरकुरत नसे. त्या टेबलावरून कोण कशामुळे हरतंय ते फार स्वच्छ दिसतं.

कॅप्टनचं बोलणं तुला लागलं, साहजिक आहे. त्याने ते तुला बाजूला सारण्यासाठीच म्हटलंय. पण आपण काय बोललो ते त्याचं त्याला कळलेलं दिसत नाही. नीट बसणारे आठ जण मिळाले तर अर्धा सामना तिथेच जिंकला.

कसं ते बघ. दोन टोकांच्या दोन खांबांना जोडणाऱ्या मधल्या पाटीवर आठ चौकोन, एकाचं तोंड इकडे, त्याच्या शेजारच्याचं तिकडे. नववा पळतोय. त्याला मधली पाटी ओलांडायची मुभा नाही, आणि एकदा एका खांबाची दिशा धरली की मध्येच उलटं फिरायचीही नाही. संरक्षक, म्हणजे ज्याला शिवून बाद करायचं तो, मात्र मोकळा, कुठूनही कुठेही जातो. म्हणून पळणाऱ्याला सारखा कुणाला तरी खो द्यावा लागतो, आणि ज्याला खो मिळाला त्याने त्याचं तोंड असेल त्याच बाजूला उठायचं. हे सुरळीत चाललं तर संरक्षकाला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. पण बसलेल्यांपैकी एखादा खो मिळायच्या आधीच अर्धवट उठला, की वाजली पंचांची शिट्टी. पळणाऱ्याला आता उलट दिशेने जावं लागतं आणि दमून कोपऱ्यात सापडलेला संरक्षक आरामात दुसऱ्या टोकाला पोचतो. कॅप्टनने जीव काढून त्याला गाठलेलं असतं, ते सगळं पाण्यात.

असा आधी उठणारा कोण असतो ठाऊक आहे? तुझ्यासारखा क्वचितच. बहुतेक वेळा तो पळण्यात पटाईत असलेला उतावळा असतो. मीच गडी मारणार, मलाच खो मिळणार, या भरात त्याचं बूड आधीच उचललेलं असतं. हळू पळण्यामुळे जितके डाव गेले, त्यापेक्षा जास्त असल्या घाईच्या फाऊलमध्ये गेलेले मी टेबलावरून पाहिलेत, निदान शाळेच्या पातळीवर तरी. तुझ्याकडे तशी घाई नाही. तुला तर कुणी उठवू नये असंच वाटतंय!

तेव्हा सुट्टीत एक सराव कर. घरच्या घरी होतो, मैदान लागत नाही, पोरांच्या नजरा लागत नाहीत. चवड्यांवर उकिडवा बस, एक पाऊल किंचित पुढे, हातांची बोटं जमिनीला टेकलेली. आई, बहीण, आजी, जे कुणी रिकामं असेल त्याला मागे उभं कर. त्यांनी कधी नुसता पाठीला हात लावायचा, कधी नुसतंच ‘खो’ ओरडायचं, कधी दोन्ही एकदम. तू दोन्ही एकदम झालं तरच उठायचंस. एरवी ढिम्म हलायचं नाही. पळणारे गडी संरक्षकाला फसवायला खो दिल्याचं नाटक करतात आणि त्यात आपलाच बसलेला माणूस फसतो. दोन-चार दिवसांत तुझं शरीर हा फरक ओळखायला लागेल. पहिल्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना आई गं होईल. घरात कमोड असलेल्या पोरांना उकिडवं बसणं आताशा जडच जातं. सवयीने जमतं.

बसलेला असताना डोळे मात्र उघडे ठेव. बसणारे बरेच जण समोर बघत राहतात, जशी काही आपल्या घरासमोरून वरातच चालली आहे. मान वळवून बघ, संरक्षक कुठल्या बाजूला आहे, आपला गडी कुठल्या खांबाकडे निघालाय, आपल्या तोंडाच्या बाजूला कोण येऊ शकतं. खो मिळाल्यावर कुठे जायचं ते ठरवायला बसलास तर उशीर झाला. ते आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

आता उठल्यावरचं सांगते, कारण कधी ना कधी उठावं लागणारच. पूर्ण मापाच्या मैदानात खांब ते खांब 24 मीटर अंतर असतं आणि एका चौकोनापासून दुसरा साधारण अडीच मीटरवर. तू जिकडे तोंड करून उठलास, तिकडून तुझा लगेच शेजारचा गडी तुला पाठमोरा दिसेल. म्हणजे त्याला खो देता येतो. संरक्षक मधली पाटी ओलांडून पलीकडे सटकला, की तुझं काम संपलं. शेजाऱ्याच्या पाठीला हात, मोठ्याने ‘खो’, आणि त्याच्या जागी तत्काळ खाली बस. मागून गडी मारायचं श्रेय जाईल दुसऱ्याला, जाऊ दे. संरक्षक तुझ्याच बाजूला राहिला तर खांबाच्या दिशेने त्याच्या मागे जात राहा, पकडायचाच असा हट्ट धरू नकोस. त्याला पाटी ओलांडायला लावलंस तरी पुष्कळ.

यात एकच मेख आहे. ज्याला खो द्यायचाय त्याची आडवी पाटी, म्हणजे त्याच्या चौकोनातून आडवी जाणारी पट्टी, ओलांडून पुढे गेलास आणि मग मागे हात करून खो दिलास, तर फाऊल. हळू पळणाऱ्याकडून हे कमी होतं, पण गोंधळलेल्याकडून हमखास होतं. म्हणून खो कुणाला द्यायचा ते पहिल्या पावलालाच ठरव. आणि आवाज! तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं की तू हळू बोलणाऱ्यातला असशील. खो पुटपुटायचा नसतो. मोरीत नळ सोडून, दार लावून ओरडून बघ दोन दिवस.

एक गोष्ट लपवत नाही. खो देत-घेत गेलं की जागा बदलत जातात, कारण ज्याने खो दिला तो नव्या जागी बसतो. त्यामुळे सुरुवातीला मधल्या चौकोनात बसलास तरी पाच मिनिटांनी खांबाशेजारी पोचलेला असशील. खांबाजवळ खेळ जरा अवघड होतो, सूर मारणारे गडी तिथेच चमकतात. तुझ्यावर ती वेळ आली तर सूर वगैरे मारायला जाऊ नकोस. खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला यायला तुला परवानगी आहे, तेवढं कर आणि पहिला पाठमोरा गडी दिसला की खो देऊन मोकळा हो.

तुझी खरी धास्ती संरक्षणाची आहे, हो ना? पळतीची. तिथे बसायची सोय नाही आणि सगळी शाळा बघत असते.

संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात. पहिले तिघे बाद झाल्यावर दुसरे तिघे, मग तिसरे. मोठ्या गटात एका डावात 9 मिनिटं आक्रमण आणि 9 मिनिटं संरक्षण असतं. हाऊसच्या सामन्यात शाळा वेळ कमीही ठेवते. तू तिसऱ्या तुकडीत, तिच्यातही शेवटचा असलास, तर आधीचे सहा बाद झाल्याशिवाय तुझ्यावर पाळीच येत नाही. तुमचे पहिले तिघे बरे असतील तर कदाचित येणारही नाही. पण आलीच तर हे लक्षात ठेव: ज्याची पाठ तुझ्याकडे आहे, तो बसलेला गडी उठला तरी पलीकडेच जाणार, तुला शिवू शकत नाही. ज्याचं तोंड तुझ्याकडे आहे, धोका त्याच्याकडून. आणि जो आत्ता पळतोय त्याला मधली पाटी बंद आहे. तो तुझ्या बाजूला आला की दोन बसलेल्यांच्या मधल्या फटीतून पलीकडे जा. बस्स. सरळ पळत सुटलास तर चार ढांगांत सापडशील. फटीतून इकडे-तिकडे होत राहिलास तर त्याला दर वेळी खो द्यावा लागेल, आणि दर खोला त्यांच्या फाऊलची शक्यता.

पेपरात खो-खोच्या बातम्या वाचल्या असशील तर गड्याच्या नावापुढे कंसात त्याने किती मिनिटं, किती सेकंद संरक्षण केलं ते छापतात. मोठमोठे खेळाडू दीड-दोन मिनिटांत बाद होतात आणि त्याचंही कौतुक असतं, कारण या खेळात बाद होणं ठरलेलंच आहे. प्रश्न फक्त किती वेळ खाल्ला याचा. तू वीस सेकंद टिकलास तर त्या वीस सेकंदांत समोरच्यांना दुसरा गडी मिळवायला तेवढा वेळ कमी मिळाला. पहिल्या फेऱ्यातच बाद झालास तर हसतील थोडे. हसू दे. त्यातले निम्मे त्याच दुपारी स्वतः कुठे तरी तोंडघशी पडणार असतात, आणि टेबलावर आम्ही ते लिहून ठेवतो!

दम लागण्याबद्दल जरा वेगळं बोलायचंय. पळायची सवय नसली की दम लागतो, ते कुणालाही होतं. रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं, थोडं पळ, दम लागला की चाल, परत थोडं पळ, असं केलंस तर सुट्टी संपेपर्यंत फरक जाणवेल. पण पळताना छातीत घरघर होते का, पळून झाल्यावर खोकल्याची उबळ येते का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, हे खरं-खरं आठवून बघ. यातलं काही होत असेल तर आईबरोबर डॉक्टरांकडे जायचंच, आणि ते चिठ्ठीसाठी नाही, तपासण्यासाठी. दम्याची कितीतरी मुलं नीट औषधावर उत्तम खेळतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. असं काहीच होत नसेल तर खोटी चिठ्ठी आणू नका. शाळेत अशा चिठ्ठ्या लपत नाहीत. सरांना कळतं, पोरांना त्याच्याही आधी कळतं, आणि ‘बॅटन’ला जोडीला आणखी एक नाव मिळतं. त्यापेक्षा सरळ ‘मला नाही खेळायचं’ म्हणणं शंभर पटीने बरं.

हो, तसं म्हणायचा हक्क तुला आहे. एवढं सगळं वाचूनही पोटात गोळा येत असेल, झोप उडालेलीच असेल, तर सरांना आत्ता सांग. आदल्या दिवशी नाही. तेव्हा सांगितलंस तर आठ पोरं अडचणीत येतात. वेळ लावणारा, गुण लिहिणारा अशी माणसं प्रत्येक सामन्याला लागतात आणि नियम पाठ असलेला मुलगा त्यांना सोन्याच्या मोलाचा असतो. पण माझं मत विचारशील, तर या वेळी खेळ. तुला आवडेल म्हणून नव्हे. कदाचित अजिबात आवडणार नाही आणि पुढच्या वर्षी तू खुशाल टेबलावर बसशील. रिलेच्या त्या बॅटनपासून मैदान तुझ्या डोक्यात नको तेवढं मोठं होऊन बसलंय. या वेळी हातातून पडायला काही नाहीये.

तुझ्या बाबांनी हे वाचलं तर बरं होईल. साहेब, पळायला घाबरणं आणि मुलगा असणं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तुमच्या मुलाला पळायची भीती वाटत नाही, हसण्याची वाटते. ती तुम्हालाही वाटते, फक्त आता तुम्हाला कुणी चारशे लोकांसमोर पळायला लावत नाही. रविवारी सकाळी त्याच्याबरोबर मैदानावर जा आणि पाठीला हात लावून खो द्या. त्याने फार काम होईल.

आणि जाता जाता सरांच्या जातभाईंना, म्हणजे मीही त्यातलीच, चार शब्द. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. अभिमान वाटला. पण पीटीचा तास गणिताच्या पोर्शनला द्यायचा, उरलेल्या तासाला पोरांना एक चेंडू देऊन मोकळं सोडायचं, आणि डिसेंबर आला की ‘ए, तू ये, नऊ भरत नाहीत’ म्हणून नाव लिहायचं, यातून खेळाडू कसे तयार होणार? या मुलाला उठायचं कसं, खो द्यायचा कसा हे कुणी कधी दाखवलंच नसणार. त्याला खेळ येत नाही असं त्याने ठरवून टाकलंय आणि आपण ते ठरवू दिलंय. दोन कॅप्टननी आळीपाळीने एकेक गडी उचलायचा आणि शेवटी उरलेल्याला ‘घ्या हा तुम्हालाच’ म्हणत ढकलायचं, ही पद्धतही आता बंद करा. एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडले तर आभाळ कोसळत नाही.

कॅप्टनशी भांडू नकोस. त्याला एवढंच म्हण, ‘बसतो, पण माझ्या शेजारी चांगला पळणारा ठेव, मी त्याला लगेच खो देईन.’ कॅप्टनलाही जिंकायचंच आहे; कामाचं बोलणाऱ्याचं तो ऐकेल. नाहीच ऐकलं तर सर आहेत.

बारीकसारीक कामं राहिली. चष्म्याला मागून इलॅस्टिकची पट्टी लावून घे, चष्म्याच्या दुकानात मिळते. नखं काप, खो-खोत ती तपासतात. पायातले बूट नवे नकोत, सवयीचे हवेत.

आणि सरांशी बोलणं सामन्याच्या सकाळवर ठेवू नकोस. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी गाठ आणि सांग: ‘सर, मी खेळतो, पण मला खांबाजवळ बसवू नका आणि संरक्षणात तिसऱ्या तुकडीत शेवटी ठेवा.’ संरक्षकांचा क्रम एकदा गुणलेखकाकडे गेला की त्या डावात तो बदलत नाही, मग टेबलावर माझ्यासारखी कितीही प्रेमळ काकू बसलेली असली तरी.

— तुझी काकू